टाइड गेज आणि टाइड पोल जुळत नाहीत: फरक किती ते नंतर, त्याचा आकार आधी बघा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. दुर्गम किनाऱ्यावर प्रेशर टाइड गेज (पाण्याच्या दाबावरून भरती-सुकतीची पातळी नोंदवणारे यंत्र) बसवला, शेजारी टाइड पोल (पातळी डोळ्यांनी वाचायचा, खुणा असलेला उभा खांब) ठोकला, पहिल्या दिवशी दोघांचे आकडे छान जुळले. आठवड्याने पाहावे तर कधी ५ सेंमी फरक, कधी १२. इकडे सर्वेक्षणात वेगवेगळ्या दिवशी मारलेल्या साउंडिंग लाइन (बोटीने खोली मोजत गेलेल्या रेषा) जिथे एकमेकींना छेदतात तिथे खोलीत पायरी दिसू लागते. मग फरकांची सरासरी काढून ती गेजच्या नोंदीत मिळवली जाते आणि काम पुढे रेटले जाते. पुढच्या उधाणाला फरक पुन्हा हजर.

सरासरी मिळवून हा दोष जात नाही. पोल आणि गेज यांच्यात १० सेंमी फरक पडायला निदान सात-आठ वेगळी कारणे असू शकतात आणि नुसत्या आकड्यावरून ती ओळखता येत नाहीत. पण प्रत्येक कारणाने पडणारा फरक पाण्याच्या पातळीबरोबर वेगळ्या तऱ्हेने बदलतो. तो बदल कागदावर काढला की दोषी कोण ते बहुधा तिथेच कळते.

१० सेंमीने काय बिघडते, असे वाटत असेल तर हिशेब बघा. आंतरराष्ट्रीय जलआलेखन संघटनेच्या एस-४४ मानकात 'स्पेशल ऑर्डर' सर्वेक्षणाला १० मीटर खोलीवर उभ्या दिशेने एकूण सुमारे २६ सेंमी अनिश्चिततेची मुभा आहे, आणि सर्वांत कडक 'एक्सक्लुझिव्ह ऑर्डर'ला जेमतेम १७ सेंमी. त्यातच बोटीचे हेलकावे, पाण्यातला ध्वनिवेग, बोट चालताना तिचे खाली बसणे, ट्रान्सड्यूसरची (खोली मोजायला ध्वनी सोडणाऱ्या भागाची) खोली हे सगळे भागवायचे असते. शिवाय पातळीतली चूक यादृच्छिक नसते. त्या दिवशीच्या प्रत्येक खोलीत ती एकाच दिशेने मिसळते. कितीही पिंग (ध्वनीचे ठोके) मारले तरी सरासरीत विरत नाही.

आधी कशालाही हात लावू नका

फरक दिसला की पहिली ऊर्मी सेन्सर वर काढून पुसण्याची होते. ती आवरा. सेन्सर एकदा हलला की जुना शून्य हरवतो आणि आतापर्यंतची नोंद अधांतरी लटकते. आधी चार गोष्टी टिपून घ्या: लॉगरचे (गेजची वाचने साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ आणि जीएनएसएस (उपग्रह-स्थाननिश्चिती) रिसीव्हरवरची यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, एकाच क्षणी, बॅटरीचा व्होल्टेज, सेटिंगचा पूर्ण उतारा (घनता, गुरुत्व, सरासरीचा कालावधी, एकक), आणि बेंचमार्कपासून (जमिनीवरच्या ठरलेल्या उंचीच्या पक्क्या खुणेपासून) पोलच्या शून्यापर्यंतचे लेव्हलिंग, म्हणजे उंचीतल्या फरकाचे मोजमाप, जाऊन-येऊन. लूप ३०० मीटरच्या आत असेल तर क्लोजर, म्हणजे जाऊन-येऊन उरणारा फरक, ३ मिमीच्या आत यायला हवा. १२√के मिमी (के म्हणजे किलोमीटरमधले अंतर) या नेहमीच्या निकषाने एवढ्या अंतराला साडेसहा मिमी चालतात, पण इतक्या जवळ ते जास्तच आहेत. एकच बेंचमार्क असेल तर तो स्वतः हलला की नाही हे कधीच कळणार नाही. किमान तीन हवेत, आणि त्यांतला निदान एक पक्क्या खडकात.

पोल सरकला असेल तर तो इथेच सापडतो. अशा तक्रारींत पोलवर फार उशिरा संशय घेतला जातो. वाळूत ठोकलेला पोल लाटांनी पायथा खणल्यावर खाली बसतो, नाहीतर होडी बांधल्याने कलतो. कलण्याची भीती मात्र उगाच मोठी करू नका. ३ मीटर पोल ५ अंशांनी कलला तर पूर्ण उंचीत फक्त १.१ सेंमी चूक होते. १० अंशांना साडेचार. खचण्याला अशी सूट नसते: जितका खचला तितकी पूर्ण चूक.

१३ तासांची तुलना

चंद्राच्या मुख्य अर्धदैनिक भरतीचे आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे असते. म्हणून किमान १३ तास, आणि शक्यतो उधाणाच्या दिवशी, दर १० मिनिटांनी पोल वाचायचा. भांगाच्या दिवशी केलेल्या तुलनेत रेंज, म्हणजे भरती आणि सुकतीमधला फरक, इतकी कमी असते की निम्मे दोष दिसतच नाहीत.

वाचन करताना एका लाटेवर विसंबू नका. साधारण एक मिनिटात लाटेच्या माथ्याचे आणि तळाचे तीन-तीन आकडे घ्या, त्यांची सरासरी ही पातळी, आणि त्या मिनिटाचा मध्य ही तिची वेळ. पाणी जास्त हलत असेल तर पोलला पारदर्शक नळी केबल टायने बांधा. नळीचे खालचे तोंड बंद करून त्यात ३-४ मिमीचे एकच भोक ठेवले की नळीतले पाणी बरेच शांत राहते. गेजची नोंदही एका क्षणाची नसावी. सेकंदाला एक वाचन आणि निदान एका मिनिटाची सरासरी हवी. अमेरिकेतल्या नोआ संस्थेच्या नेहमीच्या पद्धतीत दर ६ मिनिटांना १८१ वाचनांची, म्हणजे तीन मिनिटांची सरासरी घेतात. लाटांच्या किनाऱ्यावर ते जास्त बरे. तुलना करताना सरासरीच्या मधल्या क्षणाची वेळ धरा. काही लॉगर सरासरीच्या सुरुवातीची वेळ छापतात, काही शेवटची. हे एकदा पाहून वहीत लिहून ठेवा.

आता आलेख काढा. उभ्या अक्षावर पोलची पातळी, आडव्या अक्षावर गेज वजा पोल हा फरक. बिंदू वेळेच्या क्रमाने रेषेने जोडा, आणि चढत्या पाण्याचे बिंदू एका रंगात, उतरत्या पाण्याचे दुसऱ्या. यालाच व्हॅन द कास्टील चाचणी म्हणतात. लॅपटॉप नसेल तर आलेखाच्या वहीत पेन्सिलीने काढा. किनाऱ्यावर तेच सोपे पडते. निर्दोष गेजची उभी, सरळ, बारीक रेघ येते.

उभी रेघ, पण शून्यावर नाही

सर्वांत सोपे प्रकरण. गेजचा शून्य चुकीचा जोडला आहे. तुलनेच्या सगळ्या बिंदूंवरून तो पुन्हा ठरवा, एका वाचनावरून नव्हे. दोन वेगळ्या दिवसांच्या तुलनांत दोन समांतर उभ्या रेघा आल्या तर मधल्या काळात काहीतरी हलले आहे. पोलचे लेव्हलिंग जुळत असेल तर सेन्सर हलला, किंवा बॅरोमीटर. त्याकडे पुढे येतो.

सेन्सर हलण्याचे दोन प्रकार असतात. नांगर किंवा जाळे अडकून तो ओढला गेला तर नोंदीत एका क्षणी पायरी दिसते. गाळात रुतत गेला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत वेगाने आणि नंतर मंदावत फरक वाढतो. खाली गेलेला सेन्सर पाणी जास्त दाखवतो, म्हणून फरक धन बाजूला सरकतो. वजन वाढवून हे थांबत नाही. काँक्रीटचा ४० किलोचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात सुमारे २३ किलोच भरतो. लोखंडाचे ४० किलो जवळपास ३५ भरतात, पण मऊ चिखलात तेच आणखी रुततात. उपाय रुंद बैठकीचा आहे: ६० × ६० सेंमीची पत्र्याची तळपाटी, तिला पाणी निसटायला भोके आणि चार कोपऱ्यांना खाली वळवलेल्या कडा. त्याहून चांगला उपाय म्हणजे घट्ट थरापर्यंत ठोकलेला पाईप आणि त्याला क्लॅम्प केलेला सेन्सर. तिथे तळाचा प्रश्नच उरत नाही.

रेघ ठरावीक उंचीवर तुटते

खालचा अर्धा भाग एका जागी, वरचा ३ सेंमी बाजूला, आणि तुटण्याची जागा दर भरतीला तीच. गेजचा यात दोष नाही. मंद उताराच्या किनाऱ्यावर दोन-तीन पोल टप्प्याटप्प्याने लावलेले असतात आणि त्यांच्यातला जोड लेव्हलिंगमध्ये चुकलेला असतो. शेजारच्या दोन पोलांच्या पट्ट्या निदान ३० सेंमी एकमेकांवर चढत्या ठेवा. पाणी त्या पट्ट्यात असताना शांत वेळी दोन्ही पोल एकदम वाचले की लेव्हल न लावताही जोड पडताळता येतो.

तिरकी रेघ

पाणी चढेल तसा फरक वाढतो किंवा घटतो आणि उतरताना त्याच वाटेने परत येतो. ही मापाची, म्हणजे स्केलची चूक. खाड्या आणि नदीमुखांजवळ ती पाचवीलाच पुजलेली असते, म्हणून इथे थोडे थांबू.

प्रेशर सेन्सर पाण्याची उंची मोजत नाही, दाब मोजतो. उंची काढण्यासाठी दाबाला घनता आणि गुरुत्वाने भागावे लागते. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १०२५ किलो प्रति घनमीटर, गोड्या पाण्याची १०००. म्हणजे अडीच टक्के. ४ मीटर पाण्यावर हे १० सेंमी होतात. पुष्कळ लॉगर कारखान्यातून गोड्या पाण्याची घनता घेऊनच निघतात, आणि आकडे 'मीटर'मध्ये छापले जातात म्हणून कोणाला शंका येत नाही. त्यामुळे पहिला नियम असा, की नोंद दाबात साठवा, हेक्टोपास्कलमध्ये. मीटर नंतर आपण काढू. गुरुत्वाचेही तेच. ९.८०६६५ हा प्रमाण आकडा आहे, विषुववृत्ताजवळ खरे मूल्य ९.७८ च्या आसपास असते. फरक पाव टक्क्याहून किंचित जास्त, ४ मीटरवर एक सेंमी.

रेघेच्या कलावरून खरी घनता काढता येते. समजा सेटिंग १०२५ चे आहे आणि रेंज ४ मीटर. सुकतीला फरक शून्य, पूर्ण भरतीला उणे ६ सेंमी. मग खरी घनता १०२५ × (१ − ०.०६/४), म्हणजे सुमारे १०१०. सॅलिनोमीटर (क्षारता मोजणारे यंत्र) किंवा सीटीडीने (क्षारता, तापमान आणि खोली एकत्र मोजणारे यंत्र) पडताळून पाहा. जुळले तर शोध संपला. न जुळल्यास सेन्सरचे कॅलिब्रेशन तपासावे लागेल.

अवघड जागा ती, जिथे घनता स्थिर नसते. नदीच्या मुखाशी सुकतीला गोडे पाणी खाली येते, भरतीला खारे आत शिरते, आणि पावसानंतर सगळेच बदलते. अशा ठिकाणी रेघ नुसती तिरकी नसते, ती वाकते आणि दोन भरत्यांत वेगळी येते. एकच घनता घालून हे सुटणार नाही. एकाच पाईपवर दोन प्रेशर सेन्सर बरोबर १ मीटर उभ्या अंतरावर लावा. दोघांच्या दाबातला फरक भागिले गुरुत्व भागिले अंतर, ही त्या एक मीटरची सरासरी घनता. दाबाच्या फरकात ०.१ हेक्टोपास्कल चूक झाली तर घनतेत सुमारे १ एकक चूक होते, म्हणून बसवण्याआधी दोन्ही सेन्सर एकाच बादलीत, एकाच खोलीवर तासभर ठेवून त्यांच्यातला कायमचा फरक काढून टाकायलाच हवा. वरचा सेन्सर सुकतीला उघडा पडत असेल तेव्हाची घनता वगळा.

स्टिलिंग वेलमध्ये (लाटा शांत करणाऱ्या, विहिरीसारख्या उभ्या पाईपमध्ये) पातळी मोजणारा फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, असेल तर घनता दुसऱ्या वाटेने त्रास देते. भोक तळाशी असते, विहिरीत सुकतीचे हलके पाणी अडकते, आणि भरतीला बाहेरचे जड पाणी त्या हलक्या स्तंभाला वर उचलून धरते. परिणामी विहिरीतली पातळी बाहेरच्याहून खरोखरच उंच असते. तिथे पाईपला वेगवेगळ्या उंचीवर लहान भोके पाडून आतले पाणी मिसळू द्यावे लागते. लाटा थोड्या जास्त आत येतील, ते परवडते.

लूप: चढतीची वाट वेगळी, उतरतीची वेगळी

भरतीच्या आणि सुकतीच्या टोकाला फरक शून्याजवळ, मधल्या पाण्याला सर्वांत जास्त, आणि दोन रंग दोन बाजूंना. हा वेळेचा दोष. ३ मीटर रेंजच्या अर्धदैनिक भरतीत मधल्या पाण्याला पातळी मिनिटाला सव्वा सेंमीने बदलते. घड्याळ १० मिनिटे चुकले तर एका बाजूला साडेबारा सेंमी, लूपची पूर्ण रुंदी २५. गेजचे घड्याळ पुढे असेल तर चढत्या पाण्याला फरक ऋण येतो, मागे असेल तर धन. दिशा पाहूनच दुरुस्तीचे चिन्ह ठरवा. अंदाजाने ठरवले तर चूक दुप्पट होते.

जीपीएस वेळ आणि यूटीसी यांत १८ सेकंदांचा फरक आहे. तो इथे अर्धा सेंमीसुद्धा होत नाही, त्यामागे लागू नका. उलट यूटीसी आणि स्थानिक वेळ यांची गल्लत मोठी असते, तरी ती फसवू शकते. साडेपाच तासांची गल्लत अर्ध्या आवर्तनाच्या, सव्वासहा तासांच्या, इतकी जवळ असते की सगळा वक्र उलटा झाल्यासारखा दिसतो आणि लोक सेन्सरच्या वायरिंगमध्ये दोष शोधत बसतात. म्हणून पोलची वही, लॉगर, साउंडिंगचा संगणक, सगळे यूटीसीवर ठेवा आणि वहीच्या प्रत्येक पानावर 'यूटीसी' असे लिहा.

स्टिलिंग वेल असेल तर लूपचे दुसरे कारण तुंबलेले भोक. विहिरीतले पाणी बाहेरच्या मागून चालते, म्हणून लूप पुढे गेलेल्या घड्याळासारखाच दिसतो. नेहमीचे प्रमाण विहिरीच्या व्यासाच्या एक दशांश भोक असे आहे: ३०० मिमी पाईपला ३० मिमी. स्वच्छ असताना वर सांगितलेल्या भरतीत आत-बाहेर एक मिलिमीटरही फरक पडत नाही. बार्नॅकल (कवचाचे चिकटून वाढणारे समुद्री जीव) आणि कालवे चिकटून भोक ५ मिमी उरले की तोच फरक ८ सेंमीच्या घरात जातो. एक सोपी परीक्षा आहे. पाणी स्थिर असताना विहिरीत १० लिटरची बादली ओता. ३०० मिमी पाईपमध्ये पातळी १४ सेंमीने चढते आणि भोक स्वच्छ असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास पूर्ववत होते. पाच मिनिटे लागली तर बुडी मारून भोक मोकळे करायला हवे.

बादली ओतायला कोणी जागेवर नसेल तर नोंदीतूनही ओळखता येते. घड्याळाच्या चुकीने होणारा लूप रेंजच्या प्रमाणात रुंदावतो. भांगापेक्षा उधाणाला रेंज दुप्पट तर लूप दुप्पट. भोकातून पाणी ढकलायला लागणारी उंची वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून तुंबलेल्या भोकाचा लूप चौपट होतो.

फरक दिवसागणिक भटकतो

एका भरतीत रेघ सरळ आणि उभी, पण दर दिवशी ती वेगळ्या जागी. कधी ४ सेंमी डावीकडे, कधी ६ उजवीकडे. असे झाले की हवेचा दाब बघा.

ॲब्सोल्यूट सेन्सर पाणी आणि हवा या दोन्हींचा दाब मोजतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे १ सेंमी पाणी, हे समीकरण या कामात पाठच असावे. बॅरोमीटरची नोंद वजा केली नाही तर हवामानाचा प्रत्येक बदल पातळीत शिरतो. त्यात एक फसवी गोष्ट आहे. हवेचा दाब उतरला की समुद्र साधारण तेवढाच वर चढतो, हेक्टोपास्कलला एक सेंमी. तळावरचा एकूण दाब मग जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पोलवर पाणी १५ सेंमी चढलेले डोळ्यांना दिसते आणि सेन्सर मात्र काहीच घडले नाही असे सांगतो. वादळी हवेत पोल वाचणाऱ्यालाच चुकीचा ठरवले जाते ते यामुळे. तो बरोबर असतो.

उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला स्वतःची दिवसातून दोनदा येणारी भरती असते, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास कमाल, साधारण १ हेक्टोपास्कल वर आणि तितकीच खाली. बॅरोमीटरची दुरुस्ती राहिली तर ती सूर्याच्या १२ तासांच्या घटकात मिसळते आणि विश्लेषणात ओळखूही येत नाही.

आता बॅरोमीटर हलण्याबद्दल. हवेचा दाब दर १० मीटर चढाला सुमारे १.२ हेक्टोपास्कलने घटतो. बॅरोमीटर आधी होडीवर होता, मग तळ ६० मीटर उंच टेकडीवर हलवला, तर नोंदीत ७ सेंमीची पायरी येईल, आणि ती तंतोतंत सेन्सर हलल्यासारखी दिसेल. बॅरोमीटर गेजजवळ, सावलीत, वारा थेट लागणार नाही असा ठेवा. मोहीम संपेपर्यंत तो जागेवरून हलवायचा नाही. हलवलाच तर वेळ आणि नवी उंची लिहा.

व्हेंटेड सेन्सरला बॅरोमीटर लागत नाही, कारण केबलमधली बारीक नळी हवेचा दाब सेन्सरच्या मागच्या बाजूला पोचवते. पण दमट किनाऱ्यावर त्या नळीच्या तोंडाची सिलिका जेल काही आठवड्यांत ओली होते, आत थेंब साचतो आणि नळी बंद पडते. तिथून पुढे तो सेन्सर धड व्हेंटेड राहत नाही, धड ॲब्सोल्यूटही नाही, आणि अशी नोंद दुरुस्त करता येत नाही. केबलला तीव्र वळण देऊ नका, जेलचा रंग दर फेरीत बघा. महिनाभर कोणी फिरकणार नसेल अशा जागी आमची पसंती सरळ ॲब्सोल्यूट सेन्सर आणि दोन बॅरोमीटर अशीच आहे.

हळूहळू सरकणारा शून्य, आणि जाड रेघ

आठवड्यांमागून आठवडे एकाच दिशेने फरक वाढतो, लेव्हलिंग ठीक, बॅरोमीटर ठीक. सेन्सरच्या तोंडावर वाढलेले जीव, किंवा सेन्सरचाच ड्रिफ्ट, म्हणजे आपोआप हळूहळू सरकणे. ड्रिफ्ट आणि अचूकता बहुधा पूर्ण क्षमतेच्या टक्क्यांत दिलेली असते: ०.०५ टक्के म्हणजे १० मीटरच्या सेन्सरला ५ मिमी, १०० मीटरच्या सेन्सरला ५ सेंमी. उथळ किनाऱ्यावर १०० मीटरचा सेन्सर 'हाताशी होता म्हणून' लावणे ही अगदी नेहमीची चूक आहे. तोंडावर तांब्याची जाळी लावल्याने वाढ बरीच रोखली जाते. मात्र जाळी ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस आवरणाला टेकू देऊ नका, मध्ये प्लॅस्टिकचे वॉशर ठेवा. नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंपैकी एक कुरतडला जातो.

रेघ सरळ आहे पण जाड, विखुरलेली, तर लाटा किंवा तोकडी सरासरी. गेज फेसाळत्या पट्ट्याच्या आत आणि पोल बाहेर असेल तर फरक खराही असू शकतो. लाटा फुटतात त्याच्या आत पाणी काही सेंमी चढलेलेच असते. दोघांपैकी एक हलवा.

आलेखात न दिसणारा दोष

एक दोष मात्र या चाचणीतून निसटतो. पोल आणि गेज अगदी जुळतात, पण दोन्ही चुकीच्या जागी असतात. वाळूच्या दांड्यामागे किंवा खडकांच्या खळग्यात बसवलेल्या गेजजवळ सुकतीला पाणी अडून राहते. बाहेर समुद्र आणखी ४० सेंमी उतरतो आणि इथे डबके हळूहळू झिरपत असते. वक्र पाहा: सुकतीचा तळ गोल न येता लांबट, उतरत जाणाऱ्या शेपटासारखा येतो आणि भरती सुरू झाली की अचानक वर उसळतो. तळ अगदी सपाट, दर वेळी त्याच आकड्यावर असेल तर सेन्सर उघडा पडून हवेचा दाब नोंदवतो आहे.

चार्ट डेटम, म्हणजे सागरी नकाशावरच्या खोल्या जिथून मोजतात ती पातळी, नीचतम पाण्यावर ठरतो, म्हणून हा दोष सगळ्यांत महाग. कापलेला तळ गणिताने परत आणता येत नाही. जागा निवडतानाच उधाणाच्या सुकतीला चालत जाऊन पाहा. सेन्सर अपेक्षित सर्वांत खालच्या पाण्याच्या निदान एक मीटर खाली असावा आणि उघड्या समुद्राशी सुकतीलाही पाण्याची वाट हवी.

नोंद आधीच घेऊन झाली असेल तर

परत जाता येत नाही आणि हातात ३० दिवसांची संशयास्पद नोंद आहे, अशा वेळी आधी हार्मोनिक विश्लेषण करा, म्हणजे भरती तिच्या ठरावीक आवर्तनांच्या घटकांत सोडवा. चंद्राचा मुख्य घटक आणि मोठा लंबवर्तुळी घटक वेगळे व्हायला २७.६ दिवस लागतात, म्हणून २९-३० दिवसांची नोंद हवीच. मग त्या घटकांवरून येणारे भाकीत नोंदीतून वजा करून उरलेला अवशेष पाहा. एका तारखेपासून पायरी: सेन्सर किंवा बॅरोमीटर हलला, तिथे मालिका तोडून दोन्ही तुकड्यांना वेगळा शून्य द्या. एका तारखेपासून अवशेषात १२ तासांची लहर: घड्याळ रीसेट झाले, बहुधा बॅटरी बदलताना. हळूहळू वाढणारी लहर: घड्याळाचा ड्रिफ्ट; सुरुवातीची आणि शेवटची वेळतपासणी असेल तर मधले रेषीय धरून वाटून टाका. तिरक्या रेघेचा कल एका तुलनेतून काढून पूर्ण महिन्याला लावू नका. मध्ये मोठा पाऊस झाला असेल तर अजिबातच नाही. जवळच्या कायम गेजची त्याच काळातली नोंद मिळवा आणि दोघांचा फरक काढा. मोठे हवामान दोन्हीकडे सारखे असते, म्हणून ते वजा होते आणि आपल्या गेजचे दोष उघडे पडतात.

जी दुरुस्ती केली ती मूळ फाइलमध्ये करू नका. मूळ दाबाची फाइल जशीच्या तशी, दुरुस्त फाइल वेगळी, आणि सर्वेक्षण अहवालात तारीख, कारण, सेंमी आणि चिन्ह. नंतर त्या डेटमवर काम करणाऱ्याला हेच लागते.

सेन्सर काढताना

शेवटच्या दिवशी घाई असते आणि सगळ्यात उपयोगी मोजमापे तेव्हाच राहून जातात. काढण्याआधी पुन्हा १३ तासांची तुलना, तेवढी फुरसत नसेल तर निदान चढत्या पाण्याचे पूर्ण सहा-साडेसहा तास. पोल उपटण्याआधी बेंचमार्कपासून लेव्हलिंग. सेन्सर वर आला की पुसण्याआधी त्याच्या तोंडाचा फोटो, मग नोंद चालूच ठेवून अर्धा तास सावलीत बॅरोमीटरशेजारी हवेत ठेवा. मग गोड्या पाण्याने धुऊन आणखी अर्धा तास. बसवण्याआधीच्या हवेतल्या आकड्याशी ताडून पाहिले की धुण्याआधीचा आणि नंतरचा फरक हा तोंडावरच्या वाढीचा, आणि धुतल्यानंतरही उरतो तो सेन्सरच्या ड्रिफ्टचा. घड्याळ यूटीसीशी ताडून सेकंदांत लिहा आणि मगच लॉगर बंद करा. काही लॉगर संगणकाला जोडताक्षणी स्वतःची वेळ जुळवून घेतात आणि महिनाभराचा ड्रिफ्ट त्या एका क्षणात पुसला जातो.